हमीदसाहेबांचा पितळी हौद

लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही कुठे असता?" की "एका केमिकल कंपनीत" एवढं सांगून मी विषय बदलायचे. खरं सांगायला गेलं की फजिती. "मी काळं पाणी करते," म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग आमच्या ह्यांच्याकडे. हे बिचारे सावरायला जायचे, "अहो, म्हणजे चुंबकाकडे धावणारं पाणी." त्यावर समोरचा आणखीच घाबरायचा. आता निवृत्त होऊन हैदराबादला नल्लकुंट्याच्या घरी बसले आहे, घाई कसलीच नाही, तर एकदाचं नीट सांगून टाकते.

लोखंडाचे क्षार पाण्यात विरघळवायचे आणि ढवळता ढवळता त्यात अमोनिया सोडायचा. नाकाला पदर लावला तरी डोळ्यांतून धारा लागायच्या. भांड्यात एकदम काळाकुट्ट साका तयार होतो. हा साका म्हणजे लोहचुंबकाच्या दगडाची भुकटीच, पण इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातसुद्धा कण दिसत नाही. माझा भाचा आता त्याला नॅनो म्हणतो. आम्ही नुसतं 'बारीक' म्हणायचो आणि आमचं काम चालायचं. मग तो साका धुवायचा. भांड्याखाली चुंबक धरला की काळं खाली बसतं. वरचं खारट पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं, पुन्हा धुवायचं. असं धुता धुता एक वेळ अशी येते की ते काळं खाली बसायलाच तयार होत नाही. सगळं भांडं शाईसारखं एकजीव होतं आणि तसंच राहतं. आयुष्यभर हे बघितलं, पण दर वेळी मला तितकाच आनंद व्हायचा.

ते खाली का बसत नाही? तर प्रत्येक कणाच्या अंगावर विजेचा थोडासा भार असतो, आणि सगळ्यांवर सारखाच. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात. दुसरीकडे हे कण म्हणजे चिमुकले चुंबकच, त्यांना एकमेकांची ओढही असते. ढकलणं वरचढ राहिलं तर पाणी टिकतं; ओढ वरचढ झाली की कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात, आणि नासक्या दुधासारखं सगळं फाटतं. आमच्या ह्या पाण्याचे वैरी दोन. मीठ पडलं की कणांना एकमेकांचा भार जाणवेनासा होतो. आणि आंबट पडलं की तो भारच निघून जातो. म्हणून आमच्या खोलीत मिठाला आणि लिंबाला सक्त बंदी. मी डब्यातलं लोणचंसुद्धा बाहेर जिन्यात बसून खायची.

आमची कंपनी शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत होती. मालक राव गारू, 'गारू' म्हणजे तेलुगूतलं 'साहेब'. सरकारी प्रयोगशाळेतली पक्की नोकरी सोडून त्यांनी हा खटाटोप मांडला होता. परदेशी काळं पाणी मागवायचं तर परवाना, जकात आणि वर्षभराची वाट, म्हणून आमचं खपायचं. काळ्या पाण्याचा विभाग माझ्याकडे होता. गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुने! एकदा भगव्या कपड्यांतले एक बाबा आले. त्यांना तळहातावरचं पाणी अंगठीच्या दिशेने उभं राहायला हवं होतं, भक्तांसमोर. मी म्हटलं, "महाराज, हात आठवडाभर काळे राहतील, भक्त काय म्हणतील?" तर म्हणाले, "ते आमच्यावर सोडा." मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. राव गारू आतून हसत होते.

मग देशाची दारं परदेशी मालाला उघडली. वर्तमानपत्रांतून रोज कौतुक चाललं होतं आणि आम्हाला आमच्या विक्रीची काळजी. पण पहिला फायदा आम्हालाच झाला, तो हमीदसाहेबांमुळे. हमीदसाहेब भंगारातले जुने व्यापारी. बाहेरच्या देशांतलं भंगार आता सहज येऊ लागलं होतं: मोटारींच्या चुऱ्यातले अ‍ॅल्युमिनियम, तांबं आणि जस्त यांचे मिसळलेले तुकडे. हे हाताने निवडत बसायला बायका लागायच्या, दिवस लागायचे. राव गारूंनी त्यांना एक यंत्र करून दिलं. दोन मोठ्या विद्युतचुंबकांच्या मधे एक हौद, हौदात आमचं काळं पाणी. चुंबकाचा जोर वाढवला की ते पाणी जड झाल्यासारखं वागतं, इतकं की अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे लाकडासारखे वर येतात आणि तांबं, जस्त खाली राहतं. वरचं जाळीने काढून घ्यायचं की काम झालं. हौद लोखंडाचा चालणार नाही, चुंबक त्यालाच धरून बसेल. म्हणून हौद पितळी केला. तो पितळी होता हे जरा लक्षात ठेवा.

हमीदसाहेबांचं यंत्र पावसाळाभर सुरेख चाललं. आमचं निम्म्याहून अधिक पाणी एकटे तेच घेऊ लागले. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मॅडम, तुमारा पानी फट गया. दूध के सरीका फट गया."

मी धावले. हौदात तळाशी काळा चिखल आणि वर चहाच्या रंगाचं पाणी. मी तेव्हाच खजील झाले. त्याच घाण्यातलं पाणी माझ्या कपाटात बाटलीत होतं, ते ठणठणीत. इकडे असं. आम्ही हौद खरवडून धुतला, नवीन भरून दिला, यंत्र पुन्हा चाललं. मी मनाची समजूत घातली की काहीतरी पडलं असेल. तर दिवाळीत लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

या वेळी हमीदसाहेब स्वतः आमच्याकडे आले. उंच, पांढरी दाढी, मऊ बोलणारा माणूस. पण त्या दिवशी खुर्चीवरही बसले नाहीत. मी त्यांना मीठ, आंबट, भार असं सांगू लागले. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, मेरेकू पानी होना. सबब नक्को."

आणि त्याच आठवड्यात राव गारूंनी मला आत बोलावलं. त्यांच्यासमोर बेंगळुरूहून आलेला एक तरुण बसला होता, टाय लावलेला, अगदी गोड बोलणारा. एका परदेशी कंपनीचं काळं पाणी आता सहज मागवता येत होतं आणि हैदराबादची एजन्सी आम्हालाच द्यायची त्यांची इच्छा होती. अट एकच. आमचं पाणी करायचं बंद. तो मुलगा गेल्यावर राव गारू म्हणाले, "शिंदे गारू, हमीदसाहेब गेले तर तुमचा विभाग चालवायचा कशावर? उगादीपर्यंत, म्हणजे तुमच्या गुढीपाडव्यापर्यंत, बघू. तोवर तुम्हाला सापडलं तर ठीक. नाहीतर उगादीनंतर सही करतो. तुमची नोकरी कुठे जात नाही, तुम्ही विक्री सांभाळा."

विक्री सांभाळा! म्हणजे दुसऱ्याच्या डब्यांवर आपली चिठ्ठी चिकटवा. मला रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या शेती. कॉलेजात रसायनशास्त्र घेतलेली घरातली पहिली मुलगी मी. चिठ्ठ्या चिकटवायला शिकले होते का? घरी येऊन ह्यांना म्हटलं, "उगादीपर्यंत मला स्वयंपाकाचं विचारायचं नाही." हे म्हणाले, "इतकी वर्षं मी विचारतोय कुठे?" आणि मुकाट्याने कुकर लावला.

मी हमीदसाहेबांच्या शेडमध्ये ठाण मांडलं. बोअरचं पाणी तपासलं, भंगार तपासलं, चुंबकाची उष्णता मोजली. हौद सांभाळायची यादम्मा, मध्यम वयाची तेलुगू बाई, कमरेला पदर खोचलेला, हसरी. पाणी काढणं, भरणं, हौद धुणं सगळं तिचं काम. तिला मी रोज विचारायची, हौद कशाने धुतेस? साबण? पावडर? ती रोज तेच सांगायची, "मंचि नीळ्ळे, अम्मा." नुसतं चांगलं पाणी. ते खरं होतं, मी उभी राहून बघितलं होतं. सगळं ठीक होतं आणि पाणी फाटत होतं. मला तर शेवटी शेवटी करणी वगैरेचे विचार यायला लागले, आता हसू येतं.

मग भोगीचा दिवस आला, संक्रांतीच्या आदला. शेडला अर्धी सुट्टी. मी सहज सकाळी डोकावले तर पाणी कॅनमध्ये काढून ठेवलेलं, हौद रिकामा, आणि यादम्मा आत उतरून बसलेली. हातात चिंचेचा भलामोठा गोळा, शेजारी द्रोणात जाडं मीठ. हौद असा लखलखत होता की डोळे दिपावेत!

मी तिथे एका ड्रमवर बसूनच घेतलं.

"यादम्मा, हे काय?"

"पूजा आहे ना, अम्मा. उद्या पंडग." पंडग म्हणजे सण.

"मी रोज विचारत होते कशाने धुतेस म्हणून!"

"धुणं वेगळं अम्मा. हे पूजेचं." मग माझा चेहरा बघून घाबरली. "पितळेला चिंतपंडु लावायचा नाही तर काय लावायचं?"

पितळेला चिंच-मीठ मीही लावत होते, माझ्या आईनेही लावलं. दसऱ्याला यंत्राची पूजा, दिवाळीला लक्ष्मीची, म्हणून दोन्हीच्या आदल्या दिवशी यादम्माने मनापासून हौद उजळला होता. शेड हमीदसाहेबांची, पूजा कामगारांची आणि मिठाई हमीदसाहेबांकडून, असा तिथला जुना रिवाज. शिवाय घासल्यावर ती पाण्याने धुवायची नाही, धुतलं तर पितळेवर डाग पडतात. कोरड्या फडक्याने पुसायची. सांध्यांत, कोपऱ्यांत चिंच आणि मीठ राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी पूजा उरकली की आमचं काळं पाणी त्यात ओतलं जायचं. माझे दोन्ही वैरी एकाच हौदात! आणि पूजेचं काम कुणी कामात धरत नाही, म्हणून कुणी मला सांगितलंही नव्हतं.

हमीदसाहेब म्हणाले, "बस, आज से इमली बंद." राव गारूंनाही तेच सुचलं. यादम्माने मान खाली घातली. एवढंच म्हणाली की काळवंडलेल्या भांड्यापुढे दिवा कसा लावायचा. ते माझ्या मनातून जाईना. समजा, इथे मनाई केली. उद्या असा हौद विजयवाड्याला गेला, नागपूरला गेला, तिथे कुणाला कुणाला सांगायला जाणार? या देशात पितळ आहे तिथे आज ना उद्या चिंच येणारच. परदेशी लोकांनी त्यांचं पाणी चिंचेसाठी केलेलं नाही, त्यांना चिंच माहीतच नाही. मला माहीत होती. मग चिंच पचवेल असं पाणी मी नाही करायचं तर कुणी करायचं?

राव गारूंना म्हटलं, "उगादीपर्यंत दिलेला वेळ अजून संपलेला नाही."

ते म्हणाले, "कारण सापडलं ना? मनाई करा, संपलं."

"सर, मनाई म्हणजे उत्तर नाही. पुढचा सण आला की ती लपून घासेल. मी तिच्या जागी असते तर मीही घासलं असतं."

राव गारूंनी चष्मा काढून पुसला. चिडले की ते असंच करत. पण नाही म्हणाले नाहीत.

आता भारावर भरवसा ठेवून भागणार नव्हतं. कणांच्या अंगावर असं काहीतरी चढवायला हवं होतं की भार गेला तरी ते एकमेकांना भिडू नयेत. थंडीत गर्दीत उभं राहिलं तरी जाड स्वेटर घातलेली माणसं एकमेकांना टोचत नाहीत, तसं. पुस्तकांत त्यासाठी लांबलचक नावांची रसायनं होती, सगळी परदेशची. मी आपली साध्या गोष्टीवर आले. काजळीची शाई खाली बसू नये म्हणून तीत काय घालतात? डिंक. मी रिक्षा केली आणि बेगम बाजारात गेले. थंडीचे दिवस, लाडवांचा मोसम, दुकानदाराने विचारलं, "बाळंतीण कोण आहे घरात?" मी म्हटलं, "कारखान्यात आहे." तो माझ्याकडे बघतच राहिला.

डिंकाने मला नाकी नऊ आणले. कमी घातला की चिंचेचा थेंब पडताच पाणी फाटायचं. जास्त घातला की पाक व्हायचा आणि अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे त्यात मधाच्या बाटलीतल्या मुंग्यांसारखे अडकून बसायचे. प्रमाण जमलं तर डिंक आंबायचा. एकदा मोठ्या उत्साहाने नमुना घेऊन हमीदसाहेबांकडे गेले, झाकण उघडलं, आणि ते दोन पावलं मागे सरले. "ये क्या बू आरी मॅडम? अचार डाले क्या?" सगळी शेड हसली. मी पण हसले, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. दुसऱ्या दिवशी डिंक उकळून, गाळून घ्यायला सुरुवात केली, बुरशी धरू नये म्हणून औषध घातलं, कण अजून ओले असतानाच डिंक चढवून बघितला. रोज एका ओळीत चंचुपात्रं मांडायची आणि प्रत्येकात चिंच-मिठाचं पाणी टाकायचं. आमच्या खोलीत ज्या चिंचेला बंदी होती, तिची आता बरणी भरून ठेवली होती. एके दिवशी शेवटचं पात्र संध्याकाळपर्यंत फाटलं नाही. सकाळी पण नाही. आठवडा गेला तरी नाही. मी कुणाला सांगितलं नाही, कारण काचेच्या पात्रात सगळीच पाणी शहाणी असतात.

उगादी आली. त्या लोकांची उगादी म्हणजे आपला पाडवा. पहाटे उठून गुढीचा तांब्या चिंचेने घासला, गुढी उभारली, आणि काळ्या पाण्याचे कॅन घेतलेल्या रिक्षात बसले. हे म्हणाले, "अगं, सणाच्या दिवशी?" मी म्हटलं, "सणाचाच दिवस हवा."

शेडमध्ये माझ्या सांगण्यावरून राव गारू आले होते, बेंगळुरूचा तो मुलगाही होता; दुसऱ्या दिवशीच्या सहीसाठी आधीच आला होता. त्याने त्यांच्या पाण्याचा डबाही आणला होता. हौद रिकामा होता, पण काळवंडलेला. यादम्मा कोपऱ्यात उभी होती, नवी साडी, आणि दोन्ही हात पाठीमागे. मी जवळ गेले आणि तिचा हात पुढे ओढला. मुठीत चिंचेचा गोळा.

"लेदु अम्मा, नाही लावत," ती घाईने म्हणाली.

"लाव," मी म्हटलं. "नीट घास. मीठ कुठाय?"

हमीदसाहेब "अरे मॅडम!" म्हणाले. राव गारूंनी चष्मा काढला. यादम्माने एकदा सगळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हौदात उतरली. तिने असा घासला, की संक्रांतीपासून राहिलेलं सगळं तेव्हाच भरून काढलं. कोरड्या फडक्याने पुसला. मी बोट फिरवून चाटलं, आंबट-खारट. मग त्या मुलाला म्हटलं, "पाहुणे तुम्ही. आधी तुमचं पाणी."

त्याने त्याची पुस्तिका काढली, पानं उलटली. प्रामाणिक पोरगा, खोटं बोलला नाही. "मॅडम, शुद्ध पाण्याने धुतलेल्या भांड्यातच वापरायचं असं लिहिलंय. यात ओतलं तर कंपनी जबाबदार नाही."

"आणि यादम्माला हे कोण वाचून दाखवणार? दर सणाला तुम्ही येणार?"

त्याने डबा उघडलाच नाही.

मग आमचे कॅन ओतले. पाणी शांत झालं. काळं, एकजीव. वाट बघितली. कुणी चहाला हात लावला नाही. हमीदसाहेबांनी स्वतः चुंबकाची कळ फिरवली आणि एक घमेलं भंगार आत सोडलं. आधी सगळंच बुडालं. हळूहळू त्या काळ्या पाण्यातून एक पांढरट तुकडा वर आला, मग दुसरा, मग सगळं अ‍ॅल्युमिनियम वर येऊन तरंगायला लागलं.

"हौ! आया!" हमीदसाहेब ओरडले. त्यांच्या वयाला न शोभेल असं ओरडले.

राव गारूंनी त्या मुलाचे कागद त्याच्या हातात परत दिले. "सॉरी," म्हणाले, "आम्हीच करू." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचे डोळे भरले होते आणि ते मला दिसू नयेत अशी त्यांची धडपड होती.

यादम्मा मात्र पूजेच्या मागे होती. तिने हौदाच्या कडेला हळद लावली, कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. आणि कुणाला काही कळायच्या आत हात जोडून, डोळे मिटून, चिमूटभर कुंकू थेट पाण्यात सोडलं!

कुंकू म्हणजे हळद आणि चुना. चुना टाकून मी कधी तपासलं नव्हतं. कुंकू क्षणभर वर तरंगलं, लाल ठिपका दिसला, आणि खाली गेलं. आम्ही सगळे हौदावर वाकून बघत राहिलो. अ‍ॅल्युमिनियम तरंगतच होतं. पाणी काही फाटलं नाही.

"आता चालेल, अम्मा," यादम्मा म्हणाली, आणि पळीभर प्रसाद माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वेळेआधी कामावर गेले. आमच्या खोलीतल्या फळ्यावर नव्या पाण्याच्या चाचण्या खडूने लिहिलेल्या होत्या. चिंच. मीठ. त्यांच्या खाली मी लिहिलं, कुंकू.